क्षयाच्या हिशोबातला कोरा रकाना

आज ना मोहीम, ना किल्ला. आज एका हिशोबाचा इतिहास सांगायचा आहे. मी फौजेत रसदेच्या खात्यात होतो. आयुष्य दाणागोटा, डिझेल, रॉकेल आणि औषधांच्या पेट्या मोजण्यात गेलं. त्यामुळे कुठलीही मोठी योजना हातात आली की माझी नजर आधी मागच्या तक्त्यावर जाते. त्यात कोणते रकाने आहेत ते पाहतो, आणि कोणता रकाना आखलेलाच नाही तेही पाहतो. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचा, म्हणजे डॉक्टर ज्याला एमडीआर टीबी म्हणतात त्याचा, आपल्या देशातला इतिहास मी असाच वाचत गेलो. त्यात औषधाचा खर्च सापडतो, यंत्रांचा सापडतो, कर्मचाऱ्यांचाही सापडतो. रुग्णाच्या घराचा खर्च मात्र फार उशिरा दिसायला लागतो.

सुरुवात १९४६ पासून करू. सर जोसेफ भोर यांच्या समितीनं त्या वर्षी देशाच्या आरोग्याबद्दलचा अहवाल दिला. (भोर यांचा जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. आपल्याकडे ही गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात नसते.) समितीचा अंदाज असा होता: देशात क्षयाचे सुमारे २५ लाख रुग्ण, वर्षाला सुमारे ५ लाख मृत्यू, आणि साऱ्या हिंदुस्थानात मिळून क्षयासाठी खाटा सुमारे ६,०००. तेव्हा उपचार म्हणजे सॅनिटोरियम. पाचगणीचं बेल-एअर, मिरजेजवळची वानलेसवाडी, मदनपल्लीजवळचं आरोग्यवरम, कुमाऊंच्या डोंगरातलं भोवाली. कमला नेहरूंना काही काळ भोवालीलाच ठेवलं होतं. मोकळी हवा, दूध, अंडी आणि महिनोन् महिने आराम. ज्यांना हे परवडत नव्हतं, त्यांच्यासाठी हिशोब करायला काही शिल्लकच नव्हतं.

त्याच सुमारास ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिनची प्रसिद्ध चाचणी झाली. तिचे निष्कर्ष १९४८ मध्ये छापून आले. ५५ रुग्णांना औषध दिलं आणि ५२ जणांना नुसता आराम. सहा महिन्यांत औषधवाल्या गटात ४ जण दगावले, दुसऱ्या गटात १४. इथवरची गोष्ट सगळ्या पुस्तकांत असते. पुढची कमी सांगितली जाते. पाच वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हा औषधवाल्या ५५ पैकी ३२ गेले होते आणि दुसऱ्या ५२ पैकी ३५. फरक जवळजवळ पुसला गेला होता. कारण जंतू औषधाला सरावले होते. एकटं औषध दिलं की कोट्यवधी जंतूंमधले जे मोजके त्याला मुळातच दाद देत नाहीत, तेच उरतात आणि वाढतात. म्हणजे औषधरोधी क्षय ही आजची नवलाई नाही. पहिल्या औषधाच्या पहिल्या चाचणीतच तो हजर होता. त्यावरचा इलाजही लवकर सापडला: दोन-तीन औषधं एकत्र द्यायची आणि पुरता काळ द्यायची. यातला ‘पुरता काळ’ हाच पुढे सगळ्यात महाग पडला.

आता मद्रासला येऊ. १९५६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद या चौघांनी मिळून तिथे एक केंद्र उघडलं. प्रमुख होते वॉलेस फॉक्स नावाचे ब्रिटिश डॉक्टर. प्रश्न सरळ होता. खाटा तर नाहीत, मग रुग्णाला घरीच ठेवून गोळ्या दिल्या तर चालेल का? शहरातल्या गरीब वस्त्यांतले १९३ रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत विभागणी केली. एक गट सॅनिटोरियममध्ये गेला, दुसरा आपल्या घरी राहिला. औषधं दोघांना तीच, आयसोनियाझिड आणि पास, वर्षभर.

१९५९ मध्ये निकाल आला आणि जगभरच्या क्षयतज्ज्ञांच्या समजुती हलल्या. दोन्हीकडे दहापैकी जवळजवळ नऊ जणांचा आजार आटोक्यात आला होता. घरच्या माणसांना लागण होण्याचं प्रमाणही घरी ठेवल्यामुळे वाढलेलं दिसलं नाही. सॅनिटोरियममधल्यांना जेवण चांगलं होतं, आराम भरपूर होता, वजनही जास्त वाढलं होतं. पण जंतू मारायच्या कामात त्यामुळे विशेष फरक पडला नाही. गोळ्या नेमानं घेतल्या की काम होतं, असं सिद्ध झालं.

भारतानं जगाला दिलेल्या वैद्यकीय देणग्यांत मी या अभ्यासाचा नंबर फार वरचा लावतो. ६,००० खाटांच्या देशाला त्यानं वाट दाखवली. पण हिशोबनीस म्हणून मला त्यात एक गोष्ट खटकते. खाट तक्त्यातून गेली, म्हणजे खाटेचा खर्च संपला, असं सगळ्यांनी धरलं. तो संपला नव्हता, घरी गेला होता. सॅनिटोरियममध्ये जेवण सरकार किंवा मिशन देत होतं, आता ते बायको देणार. तिथे परिचारिका होती, आता शाळा सोडलेली मुलगी. आणि ‘आहारानं फारसा फरक पडत नाही’ हे वाक्य मद्रासच्या एका प्रश्नापुरतं खरं होतं. तेच पुढे साठ वर्षं सरकारी कचेऱ्यांत सर्रास खरं मानलं गेलं.

मद्रासनंतर बंगलोर. १९५९ मध्ये तिथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था निघाली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक झालेले हाफडान माहलर त्या काळात तिथे होते. नॉर्वेचे संख्याशास्त्रज्ञ हान्स वालर, त्यांच्याबरोबर गेसर आणि अँडरसन यांनी १९६२ मध्ये एक निबंध छापला. क्षयाचा प्रसार गणिती समीकरणांत मांडून, अमुक उपाय केला तर इतक्या वर्षांनी रोग किती उरेल, याचा अंदाज त्यांनी बांधला होता. आज करोनामुळे ‘मॉडेल’ हा शब्द घरोघरी पोहोचला आहे. क्षयाच्या बाबतीत या विद्येची सुरुवात आपल्या दख्खनच्या पठारावरच्या माहितीवरून झाली, हे सांगायला मला आवडतं.

याच संस्थेच्या देबबर बॅनर्जींनी अँडरसन यांच्यासोबत तुमकूर जिल्ह्यात घरोघरी जाऊन विचारपूस केली. क्षयाचा रुग्ण अडाणी असतो, दवाखान्यात येतच नाही, असा साहेबी समज होता. निघालं उलटं. ज्यांच्या थुंकीत जंतू सापडले त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक लोक आधीच कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात जाऊन आले होते आणि खोकल्याची बाटली घेऊन परतले होते. रुग्ण आपणहून दारात आला होता, आणि तो तिथेच हुकला.

रुग्ण कुठे हुकतात याचं गणित १९६७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पिओ यांनी मांडलं. ते इतकं साधं आहे की मी इथे बोटांवर करून दाखवतो. शंभर रुग्ण धरा. त्यातले ८० टक्के दवाखान्यात पोहोचतात. त्यातल्या ८० टक्क्यांचं निदान बरोबर होतं. त्यातल्या ८० टक्क्यांचे उपचार सुरू होतात, त्यातले ८० टक्के ते पुरे करतात, आणि पुरे करणाऱ्यांतले ८० टक्के बरे होतात. प्रत्येक पायरीवर ८० टक्के म्हणजे पहिल्या वर्गाचे गुण. पण पाच वेळा गुणाकार करा, शेवटी उरतात ३३. रसदेत आम्ही हे रोज पाहायचो. डेपोतून निघालेलं रॉकेल शेवटच्या चौकीवर किती पोहोचतं, ते डेपोतल्या साठ्यावर ठरत नाही, वाटेतल्या प्रत्येक मुक्कामावर ठरतं. भारताचं हेच गणित २०१३ च्या आकड्यांवर एका संशोधक गटानं केलं आणि २०१६ मध्ये छापलं. सुमारे २७ लाख रुग्णांपैकी सरकारी केंद्रात तपासणीपर्यंत पोहोचले ७२ टक्के, निदान झालं ६० टक्क्यांचं, उपचार पुरे केले ४५ टक्क्यांनी, आणि वर्षभर पुन्हा आजारी न पडता टिकले ३९ टक्के. हे साऱ्या क्षयाचं. औषधरोधी क्षयातली गळती याहून मोठी होती.

मधल्या काळात रिफाम्पिसिन आलं आणि दीड-दोन वर्षांचे उपचार सहा महिन्यांवर आले. ते बाजारातही आलं, खाजगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. १९९१ मध्ये मुंबईतल्या धारावीत शंभर खाजगी डॉक्टरांना क्षयाचं औषध लिहायला सांगितलं, तर ८० वेगवेगळे नुस्खे निघाले. जवळपास वीस वर्षांनी हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया यांनी तोच प्रयोग पुन्हा केला. डॉक्टर १०६, नुस्खे ६३, बरोबर ६. सरकारी बाजूही निर्दोष नव्हती. ज्याचा आजार उलटला त्याला आधीच्याच औषधांत स्ट्रेप्टोमायसिनची भर घालून पुन्हा तोच उपचार द्यायचा, अशी अधिकृत पद्धत होती. ‘कॅटेगरी दोन’ म्हणत तिला. हरणाऱ्या तुकडीच्या मदतीला एकेक शिपाई पाठवायचा, आणि तोही मारला गेला की दुसरा, असा हा प्रकार. जागतिक आरोग्य संघटनेनं ती पद्धत २०१७ मध्ये मागे घेतली. या सगळ्याचं फळ राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं. आधी उपचार घेतलेल्यांत एमडीआरचं प्रमाण ११.६० टक्के होतं, आणि पूर्वी एकही गोळी न घेतलेल्या नव्या रुग्णांत २.८४ टक्के. दुसरा आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. औषध अर्धवट सोडलं म्हणून ज्यांना दोष देता येणार नाही, असे हे लोक. त्यांना रोधी जंतू थेट दुसऱ्याकडून मिळाला.

एमडीआरवर सरकारी उपचार २००७ मध्ये गुजरात आणि महाराष्ट्रात सुरू झाले. ते कसे होते ते ऐका. कालावधी सुमारे दोन वर्षं. पहिले किमान सहा महिने आठवड्यातून सहा दिवस कानामायसिनचं इंजेक्शन, सोबत पाच-सहा प्रकारच्या गोळ्या. कानामायसिननं बहिरेपण येतं, गेलेलं ऐकू परत येत नाही. सायक्लोसेरिननं काहींचं मन बिघडतं, काहींना जगणं नकोसं होतं. आणि एवढं सोसून बरे होणारे निम्म्याच्या आसपास.

औषध फुकट होतं, हे खरं. आता कोरा रकाना भरू. माझे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुम्ही आपल्या गावचे घाला. इंजेक्शनसाठी २६ आठवडे, आठवड्याला सहा फेऱ्या, म्हणजे १५६ फेऱ्या. जायला वीस रुपये, यायला वीस, तर ६,२४० रुपये नुसतं भाडं. रोज ५०० रुपये कमावणारा गवंडी महिन्याला २५ दिवस काम करत असेल आणि सहा महिने घरी बसला, तर बुडालेली मजुरी ७५,००० रुपये. सोबत यायला बायकोनं अर्धा दिवस सोडला तर तो वेगळा. अंडी, दूध, मळमळ थांबवायच्या गोळ्या वेगळ्या. निदान होण्याआधी तीन डॉक्टर आणि चार एक्स-रे झालेले असतात, तेही वेगळे. अशा हिशोबात औषध फुकट मिळालेला रुग्ण तिसऱ्या महिन्यात गवंडीकामावर परत का गेला, हे समजायला समुपदेशक लागत नाही.

फौजेतली गोष्ट वेगळी होती, आणि ती मी जवळून पाहिली आहे. जवानाला क्षय झाला की तो लष्करी रुग्णालयात. पगार चालू. आहार ठरलेला. बरा झाला की काही काळ हलकं काम. उपचार सोडून पळावं असं त्याला काही कारणच उरत नाही. जंतू तेच, गोळ्याही त्याच. फरक आहे तो मागच्या रसदेचा. जवानाला जे नियमानं मिळतं ते गवंड्याला मिळालं तर दया केली असं का म्हणायचं, हे मला कधी कळलेलं नाही.

२०१२ च्या सुरुवातीला उदवाडियांच्या मुंबईच्या रुग्णांची बातमी जगभर गेली. तपासलेल्या कुठल्याच औषधाला त्यांचे जंतू दाद देत नव्हते. सरकारनं त्या नावाला हरकत घेतली, शब्दावरून वाद झाला. पण त्याच वर्षी मे महिन्यात क्षयरुग्णाची नोंद सरकारला कळवणं सक्तीचं झालं, आणि जूनमध्ये रक्तावरच्या बिनभरवशाच्या क्षयचाचण्यांवर बंदी आली. वर्षअखेरीस अमेरिकेत बेडाक्विलिनला मंजुरी मिळाली. क्षयावरचं चाळीसेक वर्षांतलं पहिलं नवं औषध. भारतात ते २०१६ मध्ये आलं, सुरुवातीला फक्त सहा केंद्रांवर. परगावच्या एका मुलीला, ती त्या शहराची रहिवासी नाही म्हणून ते नाकारलं गेलं, आणि तिच्या वडिलांना उच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं. तुम्ही इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव असे विखुरलेले श्रोते आहात. रहिवासी दाखल्याचा अर्थ तुम्हाला वेगळा सांगायला नको.

या औषधाच्या किमतीचा इतिहास स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. सहा महिन्यांच्या मात्रेला सुरुवातीला श्रीमंत देशांत ३०,००० डॉलर, मधल्या देशांत ३,०००, गरीब देशांत ९००. जागतिक खरेदीतून २०२० मध्ये ३४०. मूळ कंपनीनं पेटंट लांबवण्यासाठी दुसरा अर्ज केला होता. त्याला २०१९ मध्ये क्षयातून उठलेल्या दोघींनी हरकत घेतली: मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले. दोघींचंही ऐकू येणं इंजेक्शनांनी गेलेलं. मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयानं कंपनीचा अर्ज फेटाळला, आणि त्याच वर्षी भाव १३० डॉलरवर आला.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं चार औषधांच्या नव्या उपचाराला मान्यता दिली: बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन. सगळ्या गोळ्या, इंजेक्शन नाही, आणि मुदत सहा महिने. मान्यतेच्या आधी त्याचा आर्थिक हिशोब केला गेला. मद्रासचं ते जुनं केंद्र आता राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखलं जातं. तिथल्या संशोधकांनी असा हिशोब मांडून छापलाही आहे. त्यांची रीत समजून घेण्यासारखी आहे. तिला मार्कोव्ह मॉडेल म्हणतात, पण आपण सापशिडी म्हणू. पटावर घरं आखायची: उपचार चालू, बरा, उपचार सुटला, उपचार निष्फळ, मृत्यू. एका घरातून दुसऱ्यात जायची शक्यता किती, ते चाचण्यांवरून ठरवायचं. मग हजारो काल्पनिक रुग्ण पटावर सोडायचे, एकेक डाव पुढे न्यायचे आणि खर्च व आयुष्याची सुदृढ वर्षं मोजायची. निष्कर्ष असा निघाला की तीन औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचारात मिळवलेल्या प्रत्येक जादा सुदृढ वर्षामागे आरोग्ययंत्रणेचे ३७९ रुपये वाचतात, आणि चार औषधांच्या उपचारात फक्त ३७ रुपये जास्त लागतात. इतका स्वस्त सौदा मी आयुष्यात पाहिलेला नाही.

पण सापशिडीला एक खोड आहे. सोंगटी ४७ व्या घरात शिडीनं आली की सापानं, हे पटाला आठवत नाही. मार्कोव्हचंही तसंच. ‘बरा’ या घरात पोहोचलेला रुग्ण बैल विकून आला, सावकाराकडून आला की सुखानं आला, हे त्याला कळत नाही, जोवर त्यासाठी वेगळी घरं आखली जात नाहीत. ती आखायची तर मजुरी, भाडं आणि आहार मोजावा लागतो. अलीकडे ते सुरू झालं आहे. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या २० टक्क्यांहून जास्त खर्च आजारात गेला तर त्याला कंबरडं मोडणारा खर्च म्हणायचं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवलं. अनेक देशांतल्या पाहण्या एकत्र केल्या तर क्षयग्रस्त कुटुंबांपैकी जवळजवळ निम्मी या रेषेपलीकडे जातात. औषधरोधी क्षयात ८२ टक्के.

आहाराचा रकाना भरला तो झारखंडमध्ये. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या गटानं २०१९ ते २०२२ या काळात २,८०० रुग्णांना दरमहा दहा किलोंची शिधापिशवी दिली. तांदूळ, डाळ, दूधभुकटी, तेल असा साधा ऐवज. निम्म्या घरांत इतर माणसांनाही शिधा दिला. त्या घरांत नव्या क्षयाचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिलं. आणि ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांना मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. मद्रासनं जंतूचा हिशोब केला होता, झारखंडनं माणसाचा केला. पहिला चूक नव्हता, अपुरा होता.

सरकारी मदतीचंही बोलू. निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८ पासून आहे. उपचार चालू असेपर्यंत महिन्याला ५०० रुपये थेट बँक खात्यात. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले, आणि हे चांगलं झालं. पण आता गुणाकार करा. आधीच्या १८ महिन्यांच्या उपचारात रुग्णाला ५०० प्रमाणे मिळायचे ९,०००. नव्या सहा महिन्यांच्या उपचारात १,००० प्रमाणे मिळतील ६,०००. उपचाराची मुदत घटली याचा आनंदच आहे. मजुरी कमी बुडेल, फेऱ्या वाचतील. तरी गेलेलं वजन आणि फुफ्फुसाचं बळ गोळ्या संपल्या त्या दिवशी परत येत नाही. गवंड्याला पाटी उचलायला आणखी काही महिने लागतात, आणि नेमकी तेव्हा मदत थांबलेली असते. ती उपचाराच्या मुदतीला न बांधता रुग्ण कामावर परत जाईपर्यंत चालू ठेवावी, असं माझं मत आहे. खर्च फार वाढणार नाही. वरचं मॉडेल ज्यांनी बांधलं त्यांना हे दोन-चार घरं वाढवून सहज तपासता येईल.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, खास परराज्यांत राहणाऱ्यांसाठी. क्षयरुग्णाची नोंद ‘निक्षय’ या राष्ट्रीय प्रणालीवर होते. घर एका राज्यात आणि काम दुसऱ्या राज्यात असेल, तर गाव सोडताना आपला निक्षय क्रमांक लिहून घ्या आणि केंद्राला बदलीची नोंद करायला सांगा, म्हणजे पुढच्या ठिकाणी उपचार पहिल्यापासून सुरू करायची पाळी येणार नाही. बँक खातं नोंदीला जोडलं आहे ना, हेही तिथेच विचारा. सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक १८००-११-६६६६ आहे, त्यावर फोन फुकट लागतो.